आभाळ आलं की थंडी का पळते?

जानेवारीत निफाड तालुक्यात मामांकडे मुक्काम पडला की रात्रीच्या जेवणानंतरचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. मामा अंगणात येतात, मान वर करून आभाळ बघतात आणि निकाल देतात. चांदण्या लखलखत असतील तर 'आज बागेत शेकोट्या लागतील'. ढग असतील तर 'आज थंडी नाही, पण उद्या फवारणी'. निरभ्र रात्री पारा इतका उतरतो की भरत आलेले द्राक्षमणी तडकायची भीती. ढगाळ रात्री ऊब असते, पण भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगांना निमंत्रण. द्राक्षवाल्याला दोन्हीकडून मार, पण तो विषय वेगळा. मला लहानपणापासून कोडं पडायचं ते हे, की सूर्य तर दोन्ही रात्री मावळलेलाच असतो, मग ढग आल्यावर ऊब येते कुठून?

हे कोडं सुटलं की 'हरितगृह वायू' हा वर्तमानपत्रातला जड शब्द अर्धा समजला म्हणून समजा.

एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊ वाजता सिमेंटच्या भिंतीजवळून चालत जा. हात न लावताही गालाला झळ जाणवते. दिवसभर तापलेली भिंत न दिसणाऱ्या किरणांनी आपली उष्णता बाहेर टाकत असते. या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण करोनाच्या काळात दुकानाच्या दारात कपाळावर रोखायचे ते पिस्तूल नेमके हेच किरण मोजत होतं. जी वस्तू उबदार आहे ती हे किरण सोडतेच. तुम्ही, मी, भिंत, द्राक्षबागेतली माती, अख्खी पृथ्वी.

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला, म्हणून त्याची बरीचशी ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या रूपात येते. हवा त्या उजेडाला फारशी अडवत नाही. जमीन तापते आणि ती ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात परत वर पाठवते. येताना उजेड, जाताना झळ. हवा यातल्या उजेडाला वाट देते, झळीला मात्र बरीच अडवते. ढग ती आणखी अडवतात आणि तिचा काही भाग खाली परत पाठवतात. मामांच्या बागेला ढगाळ रात्री मिळणारी ऊब ती हीच, दिवसाचीच, उशिरापर्यंत टिकलेली.

पण हवेतलं सगळंच काही झळ अडवत नाही. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के. हे दोघे या कामात जवळपास निरुपयोगी. त्यांच्या रेणूत दोन सारखेच अणू असतात आणि अवरक्त किरणांना त्यात धरायला काही सापडत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत मध्ये कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन असे तीन अणू. हा रेणू वाकतो, ताणतो, हेलकावे खातो. झोक्याला त्याच्या लयीत ढकललं तरच तो उंच जातो, तसं या रेणूच्या हेलकाव्याची लय आणि पृथ्वीच्या झळीची लय नेमकी जुळते. रेणू ती ऊर्जा पिऊन घेतो, शेजारच्या रेणूंना धडकून हवा गरम करतो. ही गरम झालेली हवा पुन्हा सर्व दिशांना झळ सोडते, वरही आणि खालीही. पाण्याची वाफ, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन हेही कमी-जास्त हेच करतात. हेच ते हरितगृह वायू.

आता नावाबद्दल थोडी तक्रार. 'हरितगृह' हा शब्द इथे दिशाभूल करतो. नाशिक-तळेगावकडची पॉलिहाऊसं बघितली असतील. ती उबदार राहतात याचं मुख्य कारण म्हणजे आतली गरम हवा प्लास्टिकमुळे बाहेर पडू शकत नाही. बाजूचे पडदे वर गुंडाळले की तासाभरात आत-बाहेर सारखंच. वातावरणाला असे पडदे नाहीत, तिथे काम चालतं ते किरण अडवण्याचं. त्यात वर्तमानपत्रांनी शब्द आखडून 'हरितवायू' केला, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं हा झाडांतून येणारा काहीतरी चांगला वायू असावा. माझ्यापुरता मी 'गोधडी' हा शब्द वापरतो. गोधडी स्वतः गरम नसते, तुमच्याच अंगाची ऊब ती धरून ठेवते.

ही गोधडी वाईट नाही. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं. आज ते साधारण १५ अंश आहे. हा ३३ अंशांचा फरक म्हणजे गोदावरी वाहणं आणि गोदावरी गोठणं यातला फरक. चंद्र सूर्यापासून आपल्याइतकाच लांब, पण उघडाबोडका. तिथे दुपारी १२० अंशांच्या आसपास आणि रात्री उणे १३० च्याही खाली. उलट शुक्रावर हवेचा ९६ टक्के भाग कार्बन डायऑक्साइडच. तिथे ४६० अंश, म्हणजे शिसं वितळेल इतकं. प्रश्न गोधडी असावी का नसावी हा नाहीच, ती किती जाड असावी हा आहे.

ही समजूत जुनी आहे आणि तिचा इतिहास थोडा चटका लावणारा आहे. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि निवायलाही तिनेच जास्त वेळ घेतला. फूट यांनी लिहून ठेवलं की या वायूचं वातावरण पृथ्वीला जास्त उष्ण करेल. त्यांचा निबंध ऑल्बनी इथल्या वैज्ञानिकांच्या सभेत त्यांनी नव्हे, जोसेफ हेन्री या पुरुष शास्त्रज्ञांनी वाचून दाखवला आणि मग तो विस्मरणात गेला. दीडशे वर्षांनी तो शोधून पुढे आणला एका निवृत्त भूवैज्ञानिकाने, तेही खनिज तेलाच्या क्षेत्रातल्या. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी जास्त काटेकोर उपकरणाने अवरक्त किरणांचं शोषण मोजलं, आणि श्रेय बराच काळ त्यांच्याच खात्यावर राहिलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अरहेनियस यांनी कागद-पेन्सिलीने महिनोन्महिने आकडेमोड करून सांगितलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज तीन अंशांच्या आसपास आहे. हाताने केलेल्या हिशेबाला इतकी चूक माफ आहे.

इथे व्हॉट्सअ‍ॅपवरचा लाडका आक्षेप येतो, की हवेत कार्बन डायऑक्साइड आहेच किती? ०.०४ टक्के! एवढ्याशाने काय होणार?

बादलीभर पाण्यात निळीचे चार थेंब टाकून बघा. पाणी कितीही जास्त असलं तरी रंग देण्याचं काम निळीचं आहे, पाण्याचं नाही. झळ अडवण्याच्या कामातही नायट्रोजन-ऑक्सिजन हजरच नसतात. मग ते ९९ टक्के असोत, त्यांना मोजायचं कशाला?

यापेक्षा हुशार आक्षेप असा, की कार्बन डायऑक्साइड त्याच्या लयीची झळ आधीच पुरेशी अडवतो, मग आणखी भरल्याने काय फरक पडेल? याचं उत्तर वर, उंचावर आहे. जमिनीतून निघालेली झळ एका उडीत अवकाशात जात नाही. ती शोषली जाते, पुन्हा सुटते, पुन्हा शोषली जाते, असं करत वर सरकते. जिथे हवा पुरेशी विरळ होते तिथून ती शेवटी सुटते. वायू वाढला की ही सुटकेची जागा आणखी वर जाते. डोंगरावर चढणाऱ्याला माहीत आहे, वर थंडी जास्त. थंड जागेवरून झळ कमी सुटते. सूर्याकडून आवक तेवढीच, जावक कमी, म्हणजे शिल्लक साठत जाते. ती आवक-जावक पुन्हा जुळेपर्यंत खालची जमीन, समुद्र, हवा तापत राहतात.

मग ही गोधडी जाड झाली कधी आणि किती? १९५८ पासून चार्ल्स कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर हवेतला कार्बन डायऑक्साइड रोज मोजायला सुरुवात केली. एकक सोपं आहे: हवेच्या दहा लाख रेणूंत या वायूचे किती. आपल्याला ओळखीच्या सालांवर ते आकडे ठेवून बघू. महाराष्ट्र राज्य झालं त्या १९६० साली ३१७. दुष्काळाच्या १९७२ साली ३२७. किल्लारीचा भूकंप झाला त्या १९९३ साली ३५७. मुंबई बुडाली त्या २००५ साली ३८०. २०२४ मध्ये ४२४ च्या पुढे. (भूकंपाचा या वायूशी काही संबंध नाही, साल लक्षात राहावं म्हणून घेतलं.) यंत्रयुगाच्या आधी हा आकडा २८० होता, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या आठ लाख वर्षांत तो जास्तीत जास्त ३०० च्या आसपासच चढला होता. आजची हवा माणसाच्या जातीने कधी श्वासात घेतलेली नव्हती.

हे मोजमाप आपल्याकडेही झालं आहे. गोव्यात काणकोणजवळच्या काब द राम या समुद्राकाठच्या ठिकाणी १९९३ पासून कुप्यांत हवा भरून तपासली जात होती. तिथला आलेख वाचायला गंमत येते. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो तेव्हा हवा स्वच्छ आणि आकडा कमी. हिवाळ्यात वारा उलटा फिरून देशावरून येतो तेव्हा आकडा वर चढतो. नैर्ऋत्य आणि ईशान्य वारे आपण शाळेत पाठ केले होते, ते कुपीतल्या हवेतही दिसतात. पुढे पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, सिंहगडावरही अशी मोजणी केली.

हा वाढलेला वायू आपलाच कशावरून? ज्वालामुखीचा का नसेल? याचा पुरावा एखाद्या पोलीस तपासासारखा आहे. सजीवांच्या शरीरात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन थोडासा असतो. मेल्यावर तो घटत जातो आणि पन्नास-साठ हजार वर्षांत जवळपास संपतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, त्यामुळे त्यांच्यात तो शिल्लकच नसतो. ते जाळून झालेला धूर हवेत मिसळला की हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण पातळ होतं. तसं होत असल्याचं हान्स स्यूस यांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं. ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो हे खरं, पण त्यांचा वार्षिक वाटा आपल्या तुलनेत एक टक्क्याच्या आसपास, आणि शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतो आहे. ज्वालामुखी ऑक्सिजन खात नाही, भट्टी खाते.

आणि सूर्यच जास्त तापला असेल तर? मग वातावरण वरपासून खालपर्यंत तापायला हवं होतं. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि त्यावरचा स्थितांबराचा थर थंड होतो आहे. गोधडी जाड केल्यावर हेच व्हायला हवं, असं गणित स्युकुरो मनाबे यांनी सहकाऱ्याबरोबर १९६७ मध्ये मांडलं होतं. मनाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

आता हे वायू एकेक करून. सर्वांत जास्त झळ अडवते ती पाण्याची वाफ. मग तिच्यावर खापर का फोडत नाहीत? कारण ती हवेत आठ-दहा दिवसच टिकते, मग पाऊस. किती वाफ राहील हे हवेचं तापमान ठरवतं, दर अंशाला साधारण सात टक्के जास्त. म्हणजे वाफ आग लावत नाही, लागलेल्या आगीला वारा घालते.

कार्बन डायऑक्साइडबद्दल लोकांचा एक गोंधळ जाता जाता. तो म्हणजे धूर नव्हे. तो रंगहीन, बिनवासाचा. पीयूसीत पास झालेली गाडी धूर कमी सोडते, कार्बन डायऑक्साइड नव्हे. उलट इंधन जितकं नीट जळेल तितकं ते पूर्णपणे याच वायूत आणि वाफेत बदलतं. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, आणि त्यातून निघतो २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. उरलेलं वजन आलं कुठून? हवेतल्या ऑक्सिजनचं. हा हिशेब मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो छापील चूक वाटली होती.

मिथेन हा दमट, कोंडलेल्या जागांचा वायू. जिथे हवा पोचत नाही तिथे कुजणं झालं की तो तयार होतो: पाणी भरलेली भातखाचरं, देवनारसारखे कचऱ्याचे डोंगर, रवंथ करणाऱ्या गाई-म्हशींचं पोट. गाईकडून तो मुख्यतः ढेकरेवाटे निघतो; यावरचे सगळे विनोद चुकीच्या टोकाबद्दल आहेत. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, पण टिकतो फक्त बारा-एक वर्षं. नायट्रस ऑक्साइड उलट, शंभराहून जास्त वर्षं टिकतो आणि सुमारे २७३ पट. ऊसाला गरजेपेक्षा जास्त टाकलेला युरिया मुळांना मिळत नाही, जमिनीतले जिवाणू त्यातल्या काही भागाचा हा वायू करतात. पैसे शेतकऱ्याचे, आणि गेले आभाळात. एसी-फ्रिजमधले वायू तर शेकडो-हजारो पट. मेकॅनिक नवा गॅस भरण्याआधी जुना 'फुस्स' करून सोडून देतो, तो आवाज ऐकला असेल. (ओझोनच्या छिद्राचं प्रकरण मात्र वेगळं. त्याला कारणीभूत जुने वायू १९८७ च्या माँट्रियल कराराने हद्दपार होत गेले. ते झळही अडवायचे, म्हणून दोन्ही विषय लोकांच्या डोक्यात एक झाले.)

सगळ्यांत जास्त चुकतं ते आवक आणि साठा यांत. जग दर वर्षी कोळसा, तेल, गॅस जाळून सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. जंगलतोड धरून जो एकूण वायू हवेत जातो, त्यातला साधारण निम्मा समुद्र आणि झाडं-माती पिऊन घेतात, निम्मा हवेत राहतो, आणि त्यातला काही भाग हजारो वर्षं राहतो. गच्चीवरच्या टाकीचा नळ मोठा आणि तळाची गळती लहान असेल, तर नळ थोडा बारीक केल्याने टाकी रिकामी होत नाही, भरण्याचा वेग कमी होतो इतकंच. २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ते ओस पडले, उत्सर्जन पाच टक्क्यांच्या आसपास घटलं, आणि मौना लोआचा आकडा त्याही वर्षी चढलाच. साठ्याच्या याच हिशेबामुळे 'आज कोण किती सोडतं' याइतकंच 'आजवर कोणी किती भरलं' हे महत्त्वाचं ठरतं. सरासरी भारतीय माणसामागे वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकी माणसामागे चौदा-पंधरा; आणि त्यांचा नळ आपल्यापेक्षा कितीतरी आधी सुरू झालेला. अर्थात चंद्रपूरच्या वीज केंद्रातून निघालेला रेणू हवेत गेल्यावर पासपोर्ट दाखवत नाही.

साठलेल्या उष्णतेचा ९० टक्क्यांहून जास्त भाग समुद्रात जातो. आपल्या दारातला अरबी समुद्रही तापला आहे. आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच पट्ट्यात पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटला. मराठवाड्यातल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. दोन महिने ओढ, मग एका रात्रीत शेताची माती ओढ्यात.

हे सगळं मी गेल्या खेपेला मामांना गोठ्याशेजारी बसून सांगत होतो. त्यांच्याकडे गोबरगॅस आहे, चहा त्यावरच होतो. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "म्हणजे मी मिथेन तयार करतो आणि वर तो जाळतो. मी चोर का साव?"

जाळतात म्हणून साव. एक किलो मिथेन तसाच सुटला तर २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो; जाळला तर पावणेतीन किलोच होतो. आणि तोही कुठला? गाईने खाल्लेल्या कडब्यातला, म्हणजे गेल्या हंगामात ज्वारीने हवेतून घेतलेला. घेतला तेवढा परत दिला, टाकीत नवीन भर नाही. कोळशाचं तसं नाही, तो कोट्यवधी वर्षं हिशेबाबाहेर गाडलेला होता. आपल्या श्वासाचंही याच न्यायाने काही लागत नाही, तोही याच भाकरीचा. सिलिंडर वाचतो ते वेगळं.

"पण एक आहे मामा," मी म्हटलं, "पाइप गळत असेल तर हिशेब उलटा."

मामांनी काही उत्तर दिलं नाही. उठले, वाटीत साबणाचं पाणी केलं आणि पाइपच्या सांध्यांना फडक्याने लावत गेले. तिसऱ्या सांध्यावर बुडबुडे आले.